नऊ मेणबत्त्यांचा उजेड

"एका मेणबत्तीचा एक फुटावर जेवढा उजेड पडतो, तेवढाच उजेड तीन फुटांवर पाडायचा असल्यास तशाच किती मेणबत्त्या लागतील?" कमळानं पुस्तकातलं गणित मोठ्यानं वाचलं अन् बापाला विचारलं, "सांग बा, किती?"

लटारू कोष्टी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. पाय खालच्या पावड्यांवर, हातात आडवा दोरा नेणारा धोटा. त्यानं फार डोकं खाजवलं नाही. "तीन. त्याच्यात कायची अक्कल लागते?"

"नऊ!" पोरगी अशी खूश झाली की जसा उजेड तिनंच शोधून काढला. "अंतर तिप्पट तं उजेड नववा हिस्सा. दुप्पट तं पाव. उजेड लांब गेला की पसरते, अन् पसरला की पातळ होते. आपल्या घरच्या वरणावानी. पाहुणे वाढले का पानी वाढते."

"मंग असं सांग ना वो! वरणाचं गणित असतं तं मी चुकलो नसतो."

नागभीडच्या कोष्टीपुऱ्यात त्या वर्षी संध्याकाळी ही रोजचीच करमणूक होती. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्यावर पारावर लोक वाद घालत, अन् इकडं कमळा भिंतीला टेकून मॅट्रिकची गणितं वाची. बाप विणता विणता चुकीची उत्तरं देई. त्याच्या चुकीवर तिचं बरोबर पक्कं होई. पण त्या दिवशी ती एकदम गप्प झाली. ती कुठं पाहत होती ते लटारूला दिसलं नाही. पण पोरगी गप्प झाली की काहीतरी शिजतंय, एवढं कळायला डोळे लागत नाहीत.

"बा, आपला कंदील तुझ्यापासून तीन हात तं हायेच की," ती सावकाश म्हणाली. "म्हणून तुले दिसून नाई राह्यलं! काल तू चौकटीले धडकला. परवा भरला गिलास लवंडला. मी म्हणत होती ह्याले झालं तरी काय. घरात उजेडच नाई तं माणूस पाहीन कसा?"

लटारूचं विणणं थांबलं. धोटा हातातच राहिला.

आता खरं काय ते सांगून टाकावं, लपवण्यात अर्थ नाही. लटारूला दिसत नव्हतं, पण ते उजेडापायी नव्हतं. पोळ्याच्या सुमाराला त्याला दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागलं. मग दोन्ही बाजूंनी कोणी दारं लोटत आणावीत तसं झालं, अन् मधे एवढीशी फट उरली. दिवाळीनंतर अयूबभाई त्याला चांद्याला घेऊन गेला. अयूबभाई म्हणजे सुताचा व्यापारी. कोष्ट्यांना रंगीत सूत आणून द्यायचा, विणलेली लुगडी चांद्याच्या बाजारात न्यायचा. घरी सांगितलं, खोकला दाखवायला चाललो. तिथल्या डॉक्टरनं कपाळाला गोल आरसा बांधला, दिव्याचा उजेड त्यावरून डोळ्यात पाडला अन् म्हणाला, "काचबिंदू आहे. गेलेली नजर येत नाही. उरलेलीही जाईल. आधी का नाही आलात?" आधी का नाही आलात! काचबिंदू काय आवतण देऊन येतो, की बाबा, मी अमुक वारी येतोय, तयारीत राहा?

बाहेर आल्यावर अयूबभाईनं त्याचा हात धरला. "लटारूभाऊ, मी कोनाले नाई सांगत. लेकिन कब तक छुपाओगे?"

"पोरीची मॅट्रिक होयेस्तोवर," लटारू म्हणाला.

बस्, एवढंच मागणं होतं त्याचं. डोळे मागितलेच नव्हते त्यानं. ते तर गेलेच होते. पण कमळाला कळलं की ती शाळा सोडणार, हे तो ओळखून होता. कारण तिनं ते एकदा केलं होतं. दोन वर्षांमागं तिची माय, गुणाबाई, तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा ही पोरगी "दोनच दिवस बा" म्हणून मागावर बसली. ते दोन दिवस वर्षभर चालले. मास्तर घरी येऊन सांगून थकला, बाप रागावून थकला, पण ही ढिम्म हलली नाही. स्वभावच तसा, मायवर गेलेली. मॅट्रिक झाली की चांद्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं, हे तिचं ठरलेलं. पुन्हा एकदा मागावर बसली, तर ते ट्रेनिंग राहिलं बाजूला अन् हा खड्डा जन्मभराचा. लटारू स्वतः त्या खड्ड्यात दहा वर्षांचा असताना उतरला होता, त्याला ठाऊक होतं.

म्हणून नवराबायकोनं संगनमत केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मागाशेजारच्या भिंतीत कोनाडा होता. त्यात उजव्या हाताला लाल सुताच्या कांड्या, डाव्या हाताला काळ्या. कोशाचं रेशमी सूत हाताला कळे, त्याचा प्रश्न नव्हता. पण लाल अन् काळं दोन्ही कापसाचं, बोटांना दोन्ही सारखीच. त्यावरही एक तोड होती. लाल सूत अयूबभाई रंगवलेलं आणी, काळं गुणाबाई घरीच हिरडा अन् गंजलं लोखंड घालून रंगवी. कांडी धोट्यात घातली की सुताचं टोक भोकातून ओढून काढायला तोंड लावावं लागतं. काळं असलं की जिभेला तुरट लागे. असा उजव्याडाव्याच्या अन् जिभेच्या भरवशावर लटारू दिवाळीपासून विणत होता, अन् लुगड्यात एक खोट निघाली नव्हती.

अन् आता ही पोरगी त्याला उजेड आणून द्यायला निघाली होती.

तिनं बाज ओढली, वर चढली, आढ्याची दोरी सोडली अन् कंदील खाली आणून लटारूच्या कानापाशी बांधला. कान गरम झाला, तेवढ्यावरून त्याला कळलं.

"एक हातावर आणला. आता नऊपट झाला. दिसते का आता?"

"दिसते ना वो! लख्ख दिसते. इतके दिस कुठी होती तू?"

कमळानं टाळी वाजवली. पुस्तकातलं गणित घरात खरं ठरलं याचा तिला केवढा आनंद! लटारू त्या टाळीच्या दिशेनं हसला. आतून त्याचा जीव तुटत होता. पोरीचं उत्तर बरोबर होतं, रीत बरोबर होती, अन् तिनं गणितच भलतं घेतलं होतं. हे तिला ज्यानं सांगायचं, त्यालाच तोंड उघडायची सोय नव्हती.

माघ लागला. चिमूरच्या एका लग्नघरचं नवरीचं लुगडं मागावर होतं. अंग विणून झालं होतं, पदराचे लाल पट्टे तेवढे राहिले होते. शनिवारी बाजाराला अयूबभाई येऊन नेणार होता. नेमकी त्याच वेळेला गुणाबाईची बहीण चिमूरला बाळंत व्हायची होती. जाताना गुणाबाई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, "त्या कोनाड्याले कोनाले हात लावू देऊ नोका. अन् काळं सूत नवरीच्या पदराले लागलं तं लोक मले जित्ती ठेवायचे नाई." नवरीच्या अंगावर काळा दोरा म्हणजे केवढा अपशकुन, हे कोष्ट्याला सांगायला नको. "जाय तू बिनघोर," लटारू म्हणाला. बाळंतपण काही कोणाच्या सवडीनं थांबतं का? ती गेली.

त्या संध्याकाळी कमळाचा आरशाचा धडा चालू होता. "आरसा दहा अंशांनी फिरवला, तं त्याच्यावरून परतलेला किरण किती फिरते?"

"दहा."

"वीस! दुप्पट. म्हणून ऊन सरकलं का आरसा निम्माच फिरवावा लागते. अन् बा, आरशात उजवं ते डावं दिसते, ठाऊक हाये का तुले?"

"तुह्या मायनं शिकवलं नाई ते मले," लटारू म्हणाला, अन् दोघं हसली. मग त्याला खोकल्याची उबळ आली. कोशाची धूळ छातीत बसली होती. कमळानं उठून त्याला हिरड्याचा तुकडा दिला, गालात धरायला. खोकल्यावर कोष्टीपुऱ्यातलं तेच औषध.

दुसऱ्या दिवशी मॅट्रिकच्या पोरांचे जादा तास होते, म्हणून कमळा सकाळीच तयार झाली. दार पूर्वेचं. कोवळं ऊन दारातून थेट समोरच्या भिंतीवर, त्या कोनाड्यावर पडायचं. अयूबभाईनं फुटक्या कपाटाच्या आरशाचा एक वीतभर तुकडा तिला कधीतरी दिला होता. तो घेऊन ती कोनाड्यापाशी आली.

"काय करून राह्यली?" खड्ड्यात बसल्या बसल्या लटारूनं विचारलं.

"आरसा ठेवून राह्यली. ऊन ह्याच्यावर पडन अन् इथून वाकडं होऊन तुझ्या पदरावर येईन. कंदील काय करते ह्याच्यापुढं! नवरीचं लुगडं हाये, पट्टा सरळ यायले पायजे का नाई?"

"अवो, पन कोनाड्यात कांड्या हायेत..."

"त्या काढल्या ना मी." ती मागाच्या पलीकडं गेली, त्याच्या समोर उभी राहिली अन् तिनं कांड्यांचे दोन ढीग मधल्या फळीवर मांडले. "जशा होत्या तशाच ठेवल्या बा. येगयेगळ्या."

'उजवीकडं कोणत्या?' एवढं विचारायचं होतं. दोन शब्द. लहान लेकराला जमतील इतके सोपे. पण डोळस माणूस लाल अन् काळं शेजारी पडलेलं असताना, अन् त्यावर नऊ कंदिलांचा उजेड असताना, असं विचारील काय? जशा होत्या तशाच म्हणाली म्हणजे उजवीकडं लालच, असं त्यानं मनाशी ठरवलं.

"आला का उजेड?" कमळानं परत कोनाड्यापाशी येऊन आरसा हलवत विचारलं.

मनगटावर ऊब आली. "आला, आला. आता हलवू नोको."

ती शाळेत गेली. लटारूनं उजवीकडची कांडी घेतली, धोट्यात घातली, भोकाला तोंड लावून टोक ओढलं. हिरडा रात्रभर गालातच होता, तोंड सगळं तुरट झालेलं. त्याला वेगळं काय कळणार? आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं तर दळणाऱ्यानं पीठ जिभेवर ठेवून पाहिलं, तरी त्याला कळलं नाही.

पण ती सकाळ मोठी सुखाची गेली, हेही सांगायला पाहिजे. थोड्या वेळानं मनगटावरची ऊब गेली. ऊन सरकलं. लटारूनं हात लांब करून कोनाड्यातला आरसा चाचपला अन् जरासा फिरवला. ऊब आली नाही, पार पलीकडं गेली. मग त्याला पोरीचं बोलणं आठवलं. निम्मा. त्यानं आरसा किंचित परत आणला. ऊब मनगटावर येऊन बसली, पाळलेल्या मांजरासारखी. तो एकटाच हसला. आरशाचं एक गणित त्याला सुटलं होतं. पोरगी आली की सांगू, असं ठरवून तो पदर विणत राहिला, अन् दिवस कलायच्या आत सगळे पट्टे भरून झाले.

कमळा संध्याकाळी आली ती दारातूनच बोलत आली. "बा, आज मास्तरनं मले फळ्यावर बोलावलं, अन् तेच गणित... झाला का पदर?"

"झाला. पाहाय."

तिची पावलं मागापाशी आली. बांगड्या वाजत होत्या त्या वाजायच्या थांबल्या. लटारू वाट पाहत राहिला. बाहेर कोणाची तरी गाय हंबरली.

"कसा आला वो?"

"चांगला आला." आवाज नाकातून आला.

"लाल उठून दिसते का नाई?"

"दिसते ना. कुंकवावानी दिसते." मग तिनं विचारलं, "बा, उजेड पुरला का तुले?"

"पुरला म्हणजे? तुह्या आरशानं तं कमालच केली. दोरान् दोरा मोजून घ्यावा असा."

"हव," कमळा म्हणाली, अन् चुलीकडं गेली.

त्या संध्याकाळी तिनं पुस्तक उघडलं नाही. जेवणं झाली, भांडी झाली. लटारू वाट पाहून थकला. "काऊन वो, आज गणितं नाई?"

"सरले."

"असे कसे सरले? काल तं म्हणत होती गोल आरशाचे राह्यले म्हणून."

"सोडून देल्ले ते. येत नाईत परीक्षेत."

लटारूनं चूळ भरली. पाणी प्यायला उठल्याचं निमित्त करून तो चाचपत मागापाशी गेला. बोट ओलं करून त्यानं पदराच्या पट्ट्यावर घासलं अन् जिभेला लावलं. तुरट. हिरडा अन् लोखंड. त्यानं दुसरा पट्टा पाहिला, तिसरा पाहिला. सगळा पदर काळा होता.

तो तिथंच मागाच्या खुंटाला धरून उभा राहिला. पोरीनं समोर उभं राहून कांड्या मांडल्या होत्या. समोरच्याचं उजवं ते आपलं डावं. आदल्याच संध्याकाळी सांगितलं होतं तिनं, अन् आपण हसण्यावारी नेलं. आता तोंडात मारून घेतली तरी काय उपयोग? पण त्याला लुगड्याचं एवढं वाटलं नाही. लुगडं उसवता येतं. पोरगी खोटं का बोलली, ते त्याला कळलं होतं. ती ओरडली असती, 'आंधळा झाला अन् सांगितलं नाई' म्हणून रडली असती, भांडली असती, तर तिला समजावता आलं असतं, शपथ घालता आली असती. ती काळ्याला लाल म्हणाली. दिवाळीपासून तो जसा तिच्याशी वागत होता, तशीच ती आता त्याच्याशी वागत होती. म्हणजे तिचं ठरलं होतं, अन् ठरलेलं ती कोणाला विचारत नसे.

सकाळी त्याला जाग आली ती सूत ओढल्याच्या आवाजानं. सर्र, सर्र. कोणीतरी मागाच्या खड्ड्यात बसून पट्टा उसवत होतं. कोणीतरी कशाला, माहीतच होतं कोण.

"कमळे," तो भिंतीला धरून जवळ आला. "काळा हाये तो पदर. मले ठाऊक हाये."

सर्र थांबलं. "कवापासून ठाऊक हाये?"

"पदराचं काल. बाकीचं दिवाळीपासून."

बांगड्या वाजल्या. मग नाक पुसल्याचा आवाज आला. "मायले ठाऊक हाये?"

"हव."

"मंग मीच येडी ठरली ना घरात!" ती ओरडली. "कंदील बांधते काय, आरसा लावते काय! तुम्ही दोघं हसत असान मले!"

"नाई वो माय. हसलो नाई. देवाची आन."

"डाक्टर काय म्हणे?"

"परत येत नाई म्हणे."

पुन्हा सर्र सुरू झालं. आता जोरात. लटारूनं हात पुढं केला, तो तिच्या डोक्याला लागला. त्यानं तसाच ठेवला. "ऊठ तिथून. लुगड्याचं मी अयूबभाईले सांगतो. त्याले सारं ठाऊक हाये. तू शाळेत जाय. एवढी परीक्षा होऊ दे कमळे, मंग तू म्हणशीन तसं."

"अन् अयूबभाई नवरीले काय सांगन?" ती म्हणाली. "शनिवार तोंडावर आला. उसवते अन् लाल भरते. दोनच दिवस बा."

दोनच दिवस. लटारूनं हात काढून घेतला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. रागवावं, पाया पडावं, तिची वह्यापुस्तकं तिच्या हातात कोंबून तिला दाराबाहेर काढावं असं वाटलं. पण पुस्तकं कुठं ठेवली आहेत तेच त्याला दिसत नव्हतं, अन् तिला बाहेर काढलं तर पदर कोण भरणार होतं?

शाळेची घंटा झाली. कोष्टीपुऱ्यात ती चांगली ऐकू येते.

"घंटा झाली कमळे."

"आयकली."

शेवटचा काळा दोरा निघाला, तशी तिनं लाल कांडी धोट्यात घातली. फणीचा ठोका पडला, मग दुसरा. हात अजून बसलेला नव्हता, पण दुपारपर्यंत बसेल हे त्याला आवाजावरून कळलं. थोड्या वेळानं ठोके थांबले.

"बा, ऊन सरकलं. दोरा नाई दिसून राह्यला मले. आरसा फिरवशीन का जरासा?"

लटारू चाचपत कोनाड्यापाशी आला. आरशाला दोन्ही हात लावले.

"किती?"

"थोडासाच. निम्मा." ती म्हणाली. "ठाऊक हाये ना तुले?"

"ठाऊक हाये," लटारू म्हणाला, अन् त्यानं आरसा किंचित फिरवला.

"आला," ती म्हणाली.

ठोके पुन्हा सुरू झाले. लटारू तिथंच कोनाड्याखाली टेकून बसला. ऊन पुन्हा सरकणार होतं, अन् आरसा धरायला कोणीतरी पाहिजे होतं.